जावेचा डेटा, आपलं बिल

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. साताऱ्यात आमचं दुमजली घर आहे. खाली सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. वर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा अकरावीतला मुलगा. दीड वर्षापूर्वी आम्ही दोघांत मिळून एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून हवेतून येणारं इंटरनेट, घेतलं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, महिना ८९९ आणि वर जीएसटी, बिल निम्मं-निम्मं. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ होतं. पण दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास स्पीड इतका पडतो की व्हॉट्सॲपवरचा फोटोसुद्धा गोल गोल फिरत राहतो. कस्टमर केअरवाले म्हणतात, तुमचे १००० जीबी संपले, आता एक तारखेपर्यंत थांबा.

आम्ही खाली संध्याकाळी टीव्ही बघतो, मुलांचे फोन, सासूबाईंचं कीर्तन, बस्स. वर भावजींचं घरून काम, पुतण्याचे गेम, जावेच्या ओटीटीवरच्या मालिका. एरवी घरात कुरबूर नाही. गेटवरचा आणि जिन्याचा असे दोन कॅमेरे भावजींनीच पुढाकार घेऊन बसवले, मागचं तीस दिवसांचं फोनवर बघता येतं, त्याचे महिन्याचे पैसेही तेच भरतात. पण इंटरनेटचं बिल आलं की मनात येतंच. विजेला सबमीटर लावतात तसा याला लावता येतो का? ज्याने जेवढं वापरलं त्याने तेवढं भरावं, यात काय चुकलं? की आम्ही वेगळंच कनेक्शन घ्यावं? आणि अनलिमिटेड म्हणून विकलेल्या वस्तूला अशी मर्यादा घालणं कायद्यात बसतं का? पत्रकाचा फोटो सोबत पाठवते आहे.

— थोरली जाऊ, सातारा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी जावेच्या मालिकांचा हिशेब केलाच नाही, आधी कॅमेऱ्यांचा केला. मागचं तीस दिवसांचं चित्रण फोनवर दिसतं आणि त्याचे दरमहा पैसे जातात, म्हणजे ते चित्रण बहुधा कॅमेऱ्यातल्या कार्डावर साठत नाही. ते तुमच्या इंटरनेटवरून बाहेर, कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातंय. दिवसरात्र. गेटसमोरून कुणी गेलं नाही तरी रिकामा रस्ता साताऱ्याहून उचलून पाठवला जातोय.

आता आकडे बघा. साधा एचडी कॅमेरा एक ते दोन एमबीपीएसने चित्रण पाठवतो. आपण कमीतला, एक धरू. एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट; त्या हिशेबाने दिवसाला १०.८ जीबी. दोन कॅमेरे, २१.६ जीबी. तीस दिवसांचे ६४८ जीबी. तुमच्या १००० जीबीतला जवळपास दोन तृतीयांश भाग या दोन डोळ्यांना लागतो आणि बहुतेक कंपन्या वर चढवलेला डेटा आणि खाली उतरवलेला डेटा एकत्रच मोजतात.

उलट बाजूने ताळा करून पाहू. १००० जीबी वीस दिवसांत संपतात, म्हणजे दिवसाला पन्नास. त्यातले २१.६ कॅमेऱ्यांचे. उरले २८ जीबी, ते आठ माणसांचे, खालचे आणि वरचे मिळून. महिन्याला साधारण साडेआठशे. म्हणजे कॅमेरे बाजूला काढले तर तुमचं सगळं घर, मालिका-मीटिंगा-कीर्तनासकट, १००० जीबीत महिना काढतं.

हा पत्रावरून बांधलेला अंदाज आहे, पण खरा-खोटा करायला दहा मिनिटं पुरे. कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा वापर दिसतो का बघा. अपलोड वेगळा दाखवत असतील तर तोच आकडा बघा. साध्या घरात अपलोड फारच थोडा असतो. तो रोज वीस-बावीस जीबी दिसला तर चोर सापडला. ॲप नुसता एकूण आकडा दाखवत असेल तर भावजींना सांगून एक दिवस कॅमेऱ्यांचं सतत रेकॉर्डिंग बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा आदल्या दिवसाशी ताडून बघा.

उपाय स्वस्त आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हालचाल दिसली तरच रेकॉर्ड’ असा पर्याय असतो, तो लावायचा. किंवा कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालायचं आणि क्लाउडचं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर साठवण्याचं, मासिक वर्गणीचं लफडंच बंद करायचं. तीस दिवसांचं चित्रण हवंच असेल तर हार्डडिस्कवाला रेकॉर्डर घरात ठेवता येतो. एकदाचा खर्च, पण त्याला इंटरनेट लागत नाही, फोनवरून बघाल तेवढंच. मात्र चोरी झाली तर रेकॉर्डरही चोराबरोबर जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवून तो माळ्यावर किंवा कपाटात ठेवा.

बाकीच्यांवरचे तुमचे संशयही तपासून घेऊ. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोरकेमध्ये ७ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे जावेने वर दोन तास मालिका बघितली काय आणि तुम्ही खाली दोन तास टीव्ही बघितला काय, दोघींचे सहा-सहा. कुणाचा टीव्ही फोरके असेल आणि प्लॅनही तसला असेल तर मात्र त्याचे दुपटीहून जास्त. (तुमच्याकडचा टीव्ही कुठला आहे ते पत्रात नाही. सहज विचारलं.) भावजींच्या व्हिडिओ मीटिंगला तासाला एक-दीड जीबी धरा. पुतण्याचं तर सगळ्यांत गमतीशीर आहे. ऑनलाइन गेम खेळताना डेटा अगदी किरकोळ जातो. गेम पहिल्यांदा उतरवताना किंवा त्याचा मोठा अपडेट येतो तेव्हा एका फटक्यात पन्नास-शंभर जीबी जाऊ शकतात. तेव्हा त्याला ‘किती वेळ खेळतोस’ विचारण्याऐवजी ‘या महिन्यात काय नवीन उतरवलंस’ विचारा.

आता सबमीटर. लावता येतो. काही राउटरांत कुठल्या उपकरणाने किती डेटा घेतला ते दिसतं. नाहीतर वर आणि खाली दोन राउटर ठेवून हिशेब वेगळा करता येतो. पण लावू नका असं मी सांगेन, आणि त्याचं कारण केवळ घरातली गोडी नव्हे. तो हिशेबच चुकीचा आहे.

विजेचं एक युनिट वापरलं की कुठेतरी तेवढा कोळसा जळालेला असतो. डेटाचं तसं नाही. तुम्ही एक जीबी वापरलात म्हणून कंपनीच्या गोदामातला एक जीबी कमी होत नाही. कंपनीचा खरा खर्च कशावर होतो? टॉवर, केबल, रस्ता खोदायची परवानगी आणि खोदलेला रस्ता बुजवायचे पैसे, खांबांचं भाडं, घरोघरचे राउटर, वीज, माणसं. तुमच्यासारख्या हवेतून येणाऱ्या कनेक्शनला स्पेक्ट्रमही, म्हणजे सरकारकडून लिलावात घेतलेल्या रेडिओलहरी. २०२२ च्या फाइव्हजी लिलावात देशातल्या कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. यातला कुठलाही खर्च जावेने मालिकेचा आणखी एक भाग बघितला म्हणून वाढत नाही.

वाढतो तो गर्दीच्या वेळेमुळे. गावोगावचे केबलवाले वरच्या कंपनीकडून बँडविड्थ घेतात ती एमबीपीएसच्या भावाने, म्हणजे एका वेळी पाइपातून किती जाऊ शकतं त्यावर. महिन्यात एकूण किती जीबी गेले यावर नव्हे. फायबरच्या नेहमीच्या जोडणीत एका धाग्यावरचे अडीच जीबीपीएस (अडीच हजार एमबीपीएस) बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. बत्तीस घरांना शंभर-शंभर एमबीपीएस विकले तर बेरीज ३.२ जीबीपीएस होते, धाग्यात आहेत अडीचच. तरी चालतं, कारण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण जोर लावत नाहीत. लावली तर रात्री आठ ते अकराच्या दरम्यान लावतील. त्या तीन तासांची सोय करण्यासाठी कंपनीला यंत्रं वाढवावी लागतात, बँडविड्थ जास्त घ्यावी लागते. पहाटे तीनला तोच पाइप जवळजवळ रिकामा असतो.

आणि जीबीची मर्यादा नेमका हा फरक बघत नाही. पहाटे तीनला तुमचा कॅमेरा एक जीबी पाठवतो, त्याचा कुणालाही त्रास नाही. रात्री नऊला एक जीबी ओढला तर शेजारच्याचा सिनेमा अडकू शकतो. मीटरवर दोन्ही सारखेच. म्हणून तुम्ही घरात जीबी मोजून बिल वाटलंत तर कंपनीचा सदोष हिशेबच उंबऱ्याच्या आत आणाल. उद्या जाऊ म्हणेल, आम्ही दुपारी वापरतो, तुम्ही ऐन गर्दीत. आणि तिचं म्हणणं जास्त शास्त्रीय असेल.

कंपनीच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. हवेतून येणारं इंटरनेट फायबरसारखं नसतं. टॉवरच्या एका बाजूची क्षमता तुमच्या गच्चीवरचा डबा आणि खालून जाणाऱ्या सगळ्यांचे फोन यांच्यात वाटली जाते, आणि स्पेक्ट्रम मनात आलं म्हणून वाढवता येत नाही. त्यामुळे एअरफायबरला बहुधा १००० जीबी आणि फायबरला ३३०० जीबी, हा फरक अगदीच अकारण नाही. शिवाय घरगुती प्लॅन घेऊन तो अख्ख्या हॉस्टेलला किंवा दहा दुकानांना पुरवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना आवरायला काहीतरी वरची रेघ लागते, हेही मला पटतं.

पण मग ती रेघ कुठे मारली आहे ते विकताना दाखवावी. शंभर एमबीपीएसचा वेग विकलाय ना? तो पूर्ण वेगाने चालवला तर १००० जीबी बावीस तासांत संपतात. महिन्याचे पैसे घेऊन एका दिवसाहून कमी! कुणी तसं वापरत नाही हे मान्य, पण मोठ्या अक्षरात ‘१०० एमबीपीएस, अनलिमिटेड’ छापणाऱ्याला हा भागाकार ठाऊक असतो.

आणि मर्यादा नेहमी गर्दीमुळेच असते असंही नाही. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. २०१९ च्या सप्टेंबरात जिओफायबर सुरू झालं तेव्हा ६९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये १०० जीबी होते, वर थोडे जादा. वर्षभरात, २०२० च्या सप्टेंबरात, त्याच कंपनीने ३९९ रुपयांपासून ‘अनलिमिटेड’ प्लॅन आणले, पाठोपाठ आठवड्याभरात एअरटेलने ४९९ पासून. आणि मर्यादेची रेघ एकदम ३३०० जीबीवर गेली. काय बदललं होतं? जमिनीखालची केबल तीच होती. टाळेबंदीत घरोघरी इंटरनेटची गरज वाढली होती आणि ग्राहक पळवायची स्पर्धा लागली होती. वापर वाढला त्याच वर्षी भाव उतरले आणि मर्यादा सैल झाली. गर्दी हेच कारण असतं तर उलटं व्हायला हवं होतं.

अमेरिकेतलं उदाहरण याहून बोलकं आहे. कॉमकास्ट या मोठ्या इंटरनेट कंपनीने २००८ मध्ये महिन्याला २५० जीबीची मर्यादा आणली. पुढे ती वाढत १.२ टीबी (१२०० जीबी) झाली आणि वरच्या दर ५० जीबीला दहा डॉलर, असे जास्तीत जास्त शंभर डॉलर आकारले जात. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसला तेव्हा त्यांनी तेव्हाची मर्यादा काही महिने उठवली; वापर सर्वांत जास्त असताना! नेटवर्क कोसळलं नाही. आणखी पुढचं ऐका. ईशान्येकडच्या राज्यांत, म्हणजे आपली मराठी मंडळी जिथे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीतही, ही मर्यादा लावायचं कंपनीने जाहीर केलं, ओरड झाल्यावर पुढे ढकललं आणि मग लावलंच नाही. त्या भागात व्हेरायझन या प्रतिस्पर्धी कंपनीचं फायबर घरोघरी आहे आणि त्याला मर्यादा नाही. ज्या गावात ग्राहकाला दुसरा दरवाजा नव्हता तिथे मर्यादा, जिथे होता तिथे नाही. २०२५ मध्ये नव्या प्लॅनमधून कॉमकास्टने ती काढूनच टाकली.

म्हणून ताई, तुमच्या गल्लीत दुसरा कोण सेवा देतो हे शोधणं ग्राहकाला जितकं उपयोगी पडतं तितकं कस्टमर केअरशी अर्धा तास भांडणं पडत नाही. त्याकडे शेवटी येते. आधी कायदा.

घरगुती ब्रॉडबँडचे दर ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरचं नियामक प्राधिकरण, ठरवून देत नाही; कंपन्यांना मोकळीक आहे. मर्यादा घालणंही बेकायदा नाही. एक गोष्ट मात्र करता येत नाही: अमुक ॲपचा डेटा स्वस्त, तमुकचा महाग, असा भेदभाव. तो ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद केला, मोजकीच संकेतस्थळं फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेवरून देशभर वाद झाला होता तेव्हा. मर्यादा घातली तर ती कशी सांगायची याचाही आदेश त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरीस निघाला. किती जीबीपर्यंत पूर्ण वेग, तो वेग किती आणि त्यानंतर किती, या तिन्ही गोष्टी ग्राहकाला सांगायच्या. मर्यादेचे ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापरून झाले की फिक्स्ड ब्रॉडबँडच्या ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं. आणि मर्यादा संपली तरी वेग ५१२ केबीपीएसच्या (साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली न्यायचा नाही.

हा आदेश फिक्स्ड ब्रॉडबँडसाठी होता. एअरफायबर हवेतून येतं म्हणून कंपनी तुमच्याशी वाद घालेल की आम्हाला तो लागू नाही. घालू दे, तुम्ही लेखी उत्तर मागा. एवढं खरं की ५१२ केबीपीएस आता फारच तोकडं आहे. केंद्र सरकारनेच जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस हवेत अशी व्याख्या केली. म्हणजे मर्यादा संपल्यावर कंपनी जे देते त्याला सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणता येईलच असं नाही, बिल मात्र पूर्ण ब्रॉडबँडचं. ही फट ट्रायने बुजवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. २ एमबीपीएसनेसुद्धा दिवसाला २१ जीबी होतात. मीटिंग चालते, कीर्तन चालतं, घर ठप्प होत नाही. तळाचा वेग एवढा ठेवला तर मर्यादेबद्दल कुणाची फारशी तक्रारच राहणार नाही.

तुम्ही पाठवलेलं पत्रक मोठं करून बघितलं. वर मराठीत ठळक ‘अनलिमिटेड इंटरनेट’, खाली मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजीत ‘एफयूपी अप्लाइज, टी अँड सी’, म्हणजे वापराची मर्यादा आणि अटी लागू. किती जीबी, नंतर किती वेग, कुठेच नाही. यावर तुमची बाजू भक्कम आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा, तो सहज वाचता येईल असा हवा आणि मूळ दाव्याला छेद देणारा नको, असं त्यात आहे. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, हे त्यात बसत नाही. पत्रक फेकू नका. मागची बाजूही फोटो काढून ठेवा.

तक्रारीची वाट अशी. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे. त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपिलाचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर तळाशी कुठेतरी असतो, शोधावा लागतो. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ट्रायकडे एकेका ग्राहकाची तक्रार सोडवायचे अधिकार नाहीत, तिथे वेळ दवडू नका. यानंतरही कुणी ढिम्म हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही यावर कंपन्या वर्षानुवर्षं हुज्जत घालत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालतात असा निकाल दिला. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य. वकील नसला तरी चालतो.

तरी मला विचाराल तर स्पीडसाठी आयोगात जाऊ नका, पत्रकासाठी तक्रार जरूर करा. दहा दिवस नेट मंद चालल्याची भरपाई काही शेकड्यांत निघेल; फसव्या जाहिरातीची तक्रार मात्र गावातल्या पुढच्या पत्रकावर परिणाम करू शकते.

आता घरातलं. जावेशी बोलताना ‘तुमच्याकडे जरा जास्तच वापर होतो’ अशी सुरुवात केलीत तर पुढचे सहा महिने कॅमेऱ्याचा विषय निघणार नाही. यजमानांकरवी भावजींना निरोपही नको. भावाभावांत अशा निरोपांची धार वाढते. तुम्हीच चहाच्या वेळी म्हणा, ‘अगं, कॅमेऱ्यांचंच रेकॉर्डिंग डेटा खातंय वाटतं, भावजींना सेटिंग बघायला सांगशील का?’ कॅमेरे सगळ्या घरासाठी आहेत, त्यांचे पैसे भावजी एकटे भरतायत, हे त्याच वेळी बोलून टाका. त्या वर्गणीतला निम्मा वाटा खरं तर तुमचा होता. ते पैसे परत द्यायला जाऊ नका, नुसतं लक्षात आल्याचं सांगितलंत तरी पुरे. वरच्यांनाही बिलाबद्दल मनात काही असू शकतं. त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही, इतकंच.

एक गोष्ट मात्र विचारण्यासारखी आहे. घरून काम करणाऱ्यांना काही कंपन्या इंटरनेटचा भत्ता देतात किंवा बिल दाखवलं की पैसे परत करतात. भावजींना तो मिळत असेल तर बिलातली तेवढी रक्कम आधी वजा करून उरलेलं निम्मं करावं. मिळत नसेल तर विषय संपला. आणि त्यांच्याच कामासाठी जास्त वेगाचा प्लॅन घेतला असेल, तर साध्या प्लॅनच्या वरचा फरक त्यांनी द्यावा. वेगासाठी पैसे जास्त लागतात, त्यामुळे वाटणी वेगावर करावी, जीबीवर नाही. सासूबाईंचं कीर्तन कुणाच्याच खात्यात धरू नका.

राहिलं वेगळं कनेक्शन. सध्या ८९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०६१ रुपये. प्रत्येकी साधारण ५३०. तुमच्या गल्लीत फायबर आलं असेल तर ३० एमबीपीएसचे प्लॅन ३९९ पासून मिळतात, जीएसटीसकट ४७१. दोन वेगळी घेतली तरी बेरीज ९४२. शिवाय तुम्हाला ३३०० जीबी आणि त्यांनाही ३३००. ३० एमबीपीएसवर तुमचा टीव्ही आणि फोन निवांत चालतात. भावजींना जास्त लागत असेल तर त्यांनी त्यांचा मोठा प्लॅन घ्यावा, पैसे त्यांचे. वेगळं होणं इथे स्वस्तच पडतं, आणि त्याचं कारण घरातल्यांनाही तेच सांगा: फायबर आलंय, भाव चांगला आहे.

फायबर आहे की नाही हे ॲपवर पिनकोड टाकून कळत नाही, ॲप सगळ्यांनाच ‘लवकरच’ म्हणतं. कोपऱ्यावरच्या खांबावर काळा डबा आणि त्यातून निघालेल्या बारीक वायरी दिसतात का बघा, किंवा सरळ केबलवाल्याला विचारा. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच गावांत स्थानिक केबलवाल्यांमार्फतच मिळतं, तेही विचारा. मर्यादा किती, ती संपल्यावर वेग किती, अपलोड धरतात का, राउटरची अनामत परत मिळते का, हे चार प्रश्न त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे उत्तरही लेखी येईल. तो ‘ताई, वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फ्री’ म्हणेल. पहिले तीन महिने महिन्याचेच भरा. पावसाळ्यात लाइन किती दिवस बंद राहते ते कळू दे, मग वर्षाचं बघा. आणि जुनं कनेक्शन बंद करताना गच्चीवरचा डबा परत नेल्याची पावती कंपनीच्या माणसाकडून सही-तारखेसकट घ्या, नाहीतर त्याचं बिल येतं.